गिळण्याचा व्हिडिओ एक्स-रे: मायसाठी केला, त्याचा अनुभव

घरात लकवा झालेलं माणूस असेल आणि त्याला जेवता-पिताना ठसका लागत असेल, तर हे जरूर वाचा. आम्हाला ही तपासणी कळायला चार महिने लागले.

जानेवारीत मायची डावी बाजू गेली. काठी धरून चालायला लागली, बोलणंही बरंच सुधारलं, पण पाण्याचा घोट घेतला की ठसका. मऊ भात उतरायचा, पाणी नाही. तालुक्याच्या गावी छातीचा साधा एक्स-रे दोनदा काढला. न्यूमोनियाचा डाग दिसला, औषधानं गेला, महिन्याभरानं परत आला. खोकल्याच्या बाटल्या तेवढ्या वाढल्या. एक दिवस कप बाजूला सारून माय म्हणाली, "चहा प्याचं भेव वाटते रे मले." जिला दिवसातून चार वेळा चहा लागायचा, ती हे बोलली. मग मी नागपूर गाठलं.

आर्वीहून तळेगावमार्गे पहाटेची एसटी, मायचं अर्धं तिकीट. सेंटर धंतोलीत. 9 ची वेळ दिली होती, नंबर लागला साडेबाराला. लकव्याच्या पेशंटला साडेतीन तास बिनहाताच्या खुर्चीवर बसवणं बरोबर नाही. मी तिथंच तसं बोललो, तेव्हा व्हीलचेअर आली.

आतलं काम मात्र मनापासून आवडलं. मायला मशीनसमोर आडवं तोंड करून बसवलं. बेरियम मिसळलेलं पातळ पाणी, मग घट्ट, मग बेरियम लावलेलं बिस्किट. बेरियममधून क्ष-किरण फारसे पार होत नाहीत, म्हणून घोट कुठून कुठं जातो ते पडद्यावर स्पष्ट दिसतं. टेक्निशियन ताई "आजी, आता गिळा" म्हणायच्या आणि तेवढ्यापुरताच डॉक्टर पायाखालचं पेडल दाबायचे, किरण जास्त लागू नयेत म्हणून. मलाही शिशाचा एप्रन घालून आत उभं राहू दिलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून थोडं सांगतो. घोट घशातून उतरायला साधारण एक सेकंद लागतो. तेवढ्यात स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासनलिकेवरचं झाकण पडतं आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. या मशीननं सेकंदाला 30 चित्रं घेतली. 7-8 च घेतली असती, तर नेमका बिघाडाचा क्षण दोन चित्रांच्या मधे निसटला असता. तुम्ही जाल तिथं हा आकडा आधी विचारा. कल्पना तशी जुनी आहे. हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या वॉल्टर कॅनननं 1896 मध्येच, क्ष-किरण सापडून वर्षच झालं असताना, हंसाला बिस्मथ (बेरियमसारखाच क्ष-किरण अडवणारा पदार्थ) खाऊ घालून त्याचं गिळणं पाहिलं होतं. आता तेच रेकॉर्ड करून एकेक चित्र थांबवून बघता येतं.

गिळण्याचे उपचार करणाऱ्या थेरपिस्ट मॅडमनी तसंच थांबवून दाखवलं. पातळ पाण्याच्या वेळी झाकण पडायला उशीर होत होता आणि काळी रेघ श्वासनलिकेत उतरत होती. त्या घोटाला माय खोकललीसुद्धा नाही! म्हणजे ठसका न लागताही पाणी आत जात होतं, आणि आम्ही ठसका मोजत बसलो होतो. मग मान डावीकडे, म्हणजे कमजोर बाजूला, वळवून तोच घोट द्यायला सांगितला. एक थेंबही आत गेला नाही. माझे डोळे भरून आले.

तक्रार एकच, पण मोठी. 2,500 रुपये घेऊन हातात चार ओळींचा इंग्रजी रिपोर्ट आणि एका चित्राची फिल्म दिली. हलणाऱ्या गोष्टीचं एकच चित्र घेऊन मी काय करू? व्हिडिओ मागितला तर सीडी देतो म्हणाले. आमच्या गावात सीडी लावणार कुठं? पेनड्राइव्हवर द्या म्हणून अडून बसलो, तेव्हा मिळाला. तुम्हीही व्हिडिओ घेतल्याशिवाय उठू नका. आमच्या गावच्या डॉक्टरांनी तो पाहिला, तेव्हाच त्यांनी खोकल्याचं औषध बंद केलं.

आता मॅडमनी ठरवून दिलेल्या घट्टपणाचं ज्वारीचं आंबील आणि मान वळवून चमच्यानं चहा, असं चाललंय. दोन महिने झाले, ताप नाही. पुढच्या महिन्यात परत बोलावलंय. "या बारीनं बिस्कुट नको, माही भाकर दुधात कुस्करून नेजो," असं मायनं बजावलंय. मी फोनवर विचारलं, मॅडम आणा म्हणाल्या.