कॅल्विन की आर्मिनियस: ठरवण्याआधी

माणसाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, कशी होते यावर प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांत दोन बाजू आहेत: धर्मसुधारक कॅल्विनची आणि डच धर्मपंडित आर्मिनियसची. 'कॅल्विनवाले कृपा (देवाची न कमावलेली दया) मानतात आणि आर्मिनियसवाले माणसाचं कर्तृत्व' ही वाटणी सर्रास ऐकू येते, आणि ती चूक आहे. माणूस स्वतःच्या बळावर नीतीने जगून तरू शकतो, या बाजूला झुकणारा पेलेगियस हा जुना ख्रिस्ती शिक्षक होता. त्याची शिकवण कार्थेजच्या परिषदेने इ.स. ४१८ मध्येच फेटाळली. कृपेशिवाय तारण नाही, हे आर्मिनियसलाही मान्य होतं. वाद त्यापुढचा आहे: आलेल्या कृपेला माणूस 'नको' म्हणू शकतो का?

आर्मिनियस १६०९ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी नेदरलँड्समध्ये पाच कलमांचं निवेदन दिलं आणि १६१८-१९ मध्ये तिथल्याच डोर्ट शहरात भरलेल्या धर्मसभेने ते नाकारलं. आजही दोन्ही बाजू याच कलमांभोवती फिरतात.

निवडीचं कलम घ्या, म्हणजे तारणासाठी देव माणसं कशी निवडतो. कॅल्विनच्या बाजूने देवाने माणसात काहीही न पाहता निवड केली. आर्मिनियसच्या बाजूने, कोण विश्वास ठेवील हे आधीच जाणून केली. दुसरं उत्तर ऐकायला सोपं वाटतं, पण त्याने पेच सुटत नाही. अमुक माणूस नाकारणार हे माहीत असूनही देवाने त्याला निर्माण का केलं, हा प्रश्न उरतोच. मोलिना या येशूसंघी (जेझुइट या कॅथलिक संघातल्या) पंडिताने १५८८ मध्ये मधला मार्ग काढला: कोणत्या परिस्थितीत कोण स्वेच्छेने काय करील, हेही देव जाणतो. त्यावरून रोममध्ये डोमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक संघाचे लोक आणि येशूसंघी इतके भांडले की १६०७ मध्ये पोपने निकाल न देताच दोघांना घरी पाठवलं.

खरी कुस्ती कृपेच्या कलमावर आहे. बायबलमधलं योहान ६:४४ म्हणतं, पित्याने ओढल्याशिवाय कोणी येत नाही. मूळ ग्रीक क्रियापद तेच आहे, जे २१:११ मध्ये पेत्र १५३ माशांचं जाळं किनाऱ्यावर ओढतो तेव्हा येतं. मासे काही संमती देत नाहीत, असं कॅल्विनवाले म्हणतील. पण १२:३२ मध्ये येशू तेच क्रियापद वापरून 'सर्वांना' आपल्याकडे ओढण्याची गोष्ट करतो. ओढ आवरता येत नसेल, तर सगळेच तरायला हवेत. म्हणून ती नाकारता येते, हे आर्मिनियसच्या बाजूचं म्हणणं. मला विचाराल तर ६:४४ पुरतं कॅल्विनचं पारडं जड आहे, कारण ज्याला ओढलं त्यालाच शेवटच्या दिवशी उठवण्याचं वचन त्याच वाक्यात आहे. मात्र मत्तय २३:३७ मधला 'पण तुमची इच्छा नव्हती' हा येशूचा हुंदका कॅल्विनच्या चौकटीत बसवताना दमछाक होते.

ख्रिस्त सर्वांसाठी मेला की निवडलेल्यांसाठी, हा वाद बराचसा वरच्या दोन उत्तरांवरून ठरतो. विश्वासातून पडता येतं का, यावर १६१० च्या निवेदनाने प्रश्न खुला ठेवला होता, हे हल्ली दोन्हीकडचे विसरतात.

आता किंमत. कॅल्विनकडे गेलात, तर 'सर्वांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा' (१ तीमथ्य २:४) वाचताना 'सर्व' म्हणजे 'सर्व प्रकारचे लोक' असं म्हणावं लागतं, किंवा देवाच्या दोन इच्छा (एक सांगितलेली, एक ठरवलेली) मानाव्या लागतात. आर्मिनियसकडे गेलात, तर एकच प्रवचन ऐकून एक भाऊ विश्वास ठेवतो आणि दुसरा उठून जातो, तो फरक कुठून आला ते सांगावं लागतं. त्या भावातूनच आला असेल, तर त्याला फुशारकीची जागा आहे का? आर्मिनियसचं उत्तर भिकाऱ्याचं आहे: हात पुढे केला म्हणून दान त्याची कमाई ठरत नाही. उत्तर चांगलं आहे, पण एकाचाच हात का पुढे आला, हे त्यात नाही.

वाचायला रोमकरांस पत्राचा नववा अध्याय घेतलात, तर तिथे थांबू नका. 'इच्छा बाळगणाऱ्यावर नव्हे, दया करणाऱ्या देवावर' हे त्यात आहे. पान उलटलं की दहाव्यात 'जो कोणी प्रभूचा धावा करील तो तरेल'.