१९६६च्या जीटीओला पुढे डिस्क ब्रेक: आठ महिन्यांनंतर

माझी पाँटिॲक जीटीओ ही अमेरिकन गाडी १९६६ची. ३८९ क्युबिक इंचांचं, म्हणजे ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, ३३५ हॉर्सपॉवर, आणि हा ऐवज थांबवायला चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम ब्रेक. एकदा जोरात ब्रेक मारला तर ठीक. लगेच दुसऱ्यांदा मारला की लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) जळल्याचा वास, पेडल दगडासारखं घट्ट आणि गाडी पुढेच. त्यात मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, एकाच खणाचा. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. दोन खणांचा १९६७च्या मॉडेलपासून आला. म्हणून इंजिनला हात लावायच्या आधी मार्चमध्ये घरच्या गॅरेजमध्ये पुढे डिस्क बसवल्या, बूस्टरसकट (पायाचा जोर वाढवणारा भाग) तयार किट घेऊन.

किटसोबतच्या कागदावर सगळं सोपं होतं. प्रत्यक्षात मूळ १४ इंची रिमला कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) घासायला लागला. १५ इंची रिम आणि टायर वेगळे घ्यावे लागले.

पेडलने मात्र तीन शनिवार खाल्ले. या गाड्यांच्या पेडलच्या दांडीला दोन भोकं असतात: वरचं बिनबूस्टरच्या ब्रेकसाठी, खालचं बूस्टरसाठी. पेडलला बूस्टरशी जोडणारा माझा रॉड जुन्या सवयीने वरच्याच भोकात गेला. पेडल खोल जायचं आणि ब्रेक एकदम लागायचा, हळू थांबणं जमेचना. नळ्यांत हवा राहिली असेल म्हणून तीनदा ब्लीडिंग केलं, म्हणजे ती हवा बाहेर काढली. लेक आत बसून पेडल मारायची, मी चाकापाशी बसून "दाब, धर, सोड" सांगायचो. शेवटी टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली उताणा पडलो तेव्हा दिसलं. रॉड खालच्या भोकात घेतला आणि पेडल शहाणं झालं.

मागे ड्रमच ठेवलेत. मागची चाकं आधी लॉक होऊ नयेत म्हणून मोकळ्या पार्किंगमध्ये प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा) थोडा थोडा फिरवत बसलो. हे काम घाईत उरकू नका, गाडी मागून घसरली तर सावरत नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटजवळ वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५पासून जुन्या गाड्यांची जत्रा भरते. तिथे दिवसभर थांबत-सरकत गेलो. शेवटच्या सिग्नललाही पेडल पहिल्यासारखंच. या गाडीत एवढं निर्धास्त मी कधी बसलो नव्हतो.

किट घ्याच, फक्त रिमचे पैसे आधी बाजूला काढा. मूळ ड्रम आणि स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) ग्रीस लावून खोक्यात ठेवलेत. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडायच्या आत गाडीही झाकली. पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत, ब्रेक ऑइल एकदाही उतरलं नाही. उजवी डिस्क थंडीत सकाळी जरा किरकिरते, ते पॅड बदलताना बघेन.