नाशिकचा स्कूबा क्लब: वर्षाची वर्गणी नेमकी कशाची भरायची?

नाशिकला समुद्र नाही. गंगापूर धरण आहे, पण ते शहराचं पिण्याचं पाणी. शिवाय तळाशी गाळ आणि मासेमारीची जाळी, त्यामुळे क्लब तिथे कुणाला उतरवत नाही आणि ते योग्यच आहे. मग या शहरात हौशी स्कूबा क्लबची वर्गणी भरून मिळतं काय? मिळतो तो पोहण्याचा तलाव. मालवणची सहल क्लबशिवायही होते, स्वतः ठरवून गेलात तर चार पैसे वाचतीलही. पण पाठीवर हवेचा टँक घेऊन दर आठवड्याला, घाई न करता सराव करणं मालवणात पैसे मोजूनही जमत नाही. तिथे बोटीवर पुढचं गिऱ्हाईक ताटकळत असतं.

क्लबचं वर्ष जूनला सुरू होतं. राज्याच्या किनाऱ्यावरचं जलपर्यटन मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतं आणि नेमका तोच काळ इथे शिकवायला वापरतात. पहिला महिना टँकला हात लावू देत नाहीत. मास्क, स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी), फिन्स (पायात घालायचे पंख) एवढंच. न थांबता २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगत राहणं ही प्रमाणपत्राची अट आहे. तिला वेळेचं बंधन नाही, तरी बरेच जण इथेच अडतात, कारण आपल्याकडे पोहायला शिकलेला माणूस डोकं पाण्याबाहेर ठेवून पोहतो. फिन्स घातल्यावर दुसरी खोड दिसते: गुडघे मुडपून सायकल मारल्यासारखे पाय चालतात आणि अंतर काही कापलं जात नाही. पाय कमरेतून हलायला हवेत. इथले इन्स्ट्रक्टर काठावर पालथं झोपवून आधी कोरडा सराव घेतात. बघायला विनोदी वाटतं, पण दोन आठवड्यांत फरक पडतो.

दुसऱ्या टप्प्यात मास्कमधलं पाणी काढायला शिकवतात. मान किंचित मागे, फ्रेमच्या वरच्या कडेवर बोटांचा दाब आणि नाकातून सावकाश उच्छ्वास. कृती इतकीच. बिघडतं ते घाबरून नाकाने श्वास आत ओढला की. त्यावर इथला उपाय चांगला आहे. मास्क न घालता, फक्त स्नॉर्केल तोंडात धरून उथळ पाण्यात चेहरा बुडवून पाच मिनिटं शांत श्वास घ्यायला लावतात. ही पाच मिनिटं जमली की समुद्रात मास्क निघाला तरी माणूस वरच्या दिशेने धूम ठोकत नाही. मिशीवाल्यांसाठी सूचना: नाकाखालची बोटभर पट्टी साफ करा किंवा तिथे सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, त्याने मास्कची कड खराब होते.

कानांच्या बाबतीत तलावाला कमी लेखू नका. दाबातला सगळ्यात मोठा टक्केवारीचा फरक पहिल्या काही मीटरमध्येच पडतो. तीन मीटरवर दाब साधारण ३० टक्क्यांनी वाढलेला असतो. त्यामुळे कानाचा पडदा आत ओढला जाणं, मग दुखणं हे सगळं तलावाच्या खोल बाजूलाच अनुभवायला मिळतं. दुखायला लागण्याआधी, दर अर्ध्या मीटरला कान मोकळे करायचे. नाही झाले तर थोडं वर यायचं, जोर लावायचा नाही. सर्दी असताना उतरू देत नाहीत, गोळी घेऊन आलेल्यालाही नाही. गोळीचा असर खाली असतानाच ओसरला तर वर येताना सायनसमधली हवा अडकते. यावर सभासद कुरकुरतात. पण ही शिस्त असलेला क्लब शोधूनच वर्गणी भरावी.

वजनाचा धडा या क्लबात सर्वांत नीट शिकवला जातो. तलावात चार किलोवर छान तरंगणारा माणूस मालवणात तेवढ्याच वजनावर खाली जात नाही, कारण खारं पाणी गोड्यापेक्षा अडीच-तीन टक्के जड. सामानासह ९० किलो भरणाऱ्याला समुद्रात साधारण अडीच किलो जास्त लागतं. दुसरी बाब नवख्यांच्या लक्षातच येत नाही. ११.१ लिटरच्या ॲल्युमिनियम टँकमधल्या हवेचंच वजन अडीच किलोच्या वर असतं. डाइव्हच्या शेवटी टँक हलका होऊन वर ओढायला लागतो, आणि तोही नेमका पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं तेव्हा. म्हणून वजन तपासायचं ते गेजवर ५० बार (टँकमधल्या हवेच्या दाबाचं माप) उरलेले असताना, भरलेल्या टँकवर नाही. इथे प्रत्येकाचा आकडा वहीत लिहितात: तलावात किती, समुद्रात किती, कोणता सूट घालून. सहलीला निघताना ती वही सोबत असते.

हवेचा हिशेबही फळ्यावर मांडायला लावतात. २०० बारचा टँक, ५० राखून ठेवायचे, म्हणजे ११.१ गुणिले १५० बरोबर १६६५ लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेणारा माणूस १० मीटरवर दाब दुप्पट असल्याने ४० घेतो, म्हणजे साधारण ४१ मिनिटं. घाबरट श्वास असेल तर त्याच्या निम्मी.

आता सामानाची खोली. कॉम्प्रेसर क्लबचा स्वतःचा आहे आणि हवा ओढणारा पाइप गच्चीवर नेलेला आहे, गाड्या उभ्या राहतात त्या बाजूला नाही. हे मुद्दाम बघा. गाडीचा किंवा जनरेटरचा धूर आत गेला तर कार्बन मोनॉक्साइड टँकमध्ये जातो. त्याला वास नाही, चव नाही, आणि खोलीवर वाढलेल्या दाबात तो जास्तच घातक. युरोपीय मानकात श्वसनाच्या हवेत त्याची मर्यादा दहा लाखांत ५ भाग एवढीच आहे. फिल्टर किती तास चालला याची नोंद भिंतीवर आहे. हवेच्या तपासणीचा अहवाल मात्र मागितल्यावरच मिळतो. तोही भिंतीवर लावायला काय हरकत आहे?

टँक भरताना घाई होते, ही खरी तक्रार. भरभर भरलेला टँक तापतो, गेज २०० दाखवतं आणि तासाभराने थंड झाल्यावर १८० वर येतं. शनिवारी संध्याकाळी रांग असली की असंच चालतं. टँकवरची दाबचाचणीची तारीख स्वतः वाचा. दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी लागते आणि त्याची खूण टँकच्या खांद्यावर ठोकलेली असते. स्वतःचा टँक परदेशातून आणायच्या फंदात पडू नका. नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची (स्फोटकं आणि दाबाचे सिलिंडर यांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) मंजुरी त्यावर नसेल तर इथे तो कुणी भरून देणार नाही, आणि द्यायलाही नको.

रेग्युलेटरची, म्हणजे टँकमधली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या यंत्राची, निगा बरी आहे. तलावातून आल्यावर फर्स्ट स्टेजवर (टँकला जोडायचा भाग) टोपी कोरडी करून घट्ट बसवतात, मगच गोड्या पाण्याच्या टबात. टबात असताना तोंडातल्या भागावरचं पर्जचं (हवा सोडायचं) बटण दाबायला बंदी आहे, कारण बटण दाबलं की झडप उघडते आणि पाणी होजमधून (हवेच्या नळीतून) फर्स्ट स्टेजपर्यंत पोहोचतं. वर्षातून एकदा सगळे सेट सर्व्हिसिंगला जातात. बीसीडीकडे, म्हणजे हवा भरून तरंगणं सांभाळायच्या जॅकेटकडे, तितकं लक्ष नाही. क्लोरीनने आतल्या फुग्याचा कस जातो, म्हणून दर वेळी आतून धुऊन, उलटं धरून पाणी काढायला हवं. इथे महिन्यातून एकदा होतं. त्यामुळे दोन-तीन जॅकेटचं हवा भरायचं इन्फ्लेटर बटण अडकतं. अडकलं तर हवा आत येतच राहते आणि माणूस वर उचलला जातो. पाण्यात उतरण्याआधी बटण दहा वेळा दाबून सोडून बघा. चिकट वाटलं तर जॅकेट बदलून मागा, भीड धरू नका. जॅकेटला हवा देणारी होज काढायचा सरावही तलावात दोन-चारदा करून ठेवा.

नारळी पौर्णिमा झाली की मच्छीमारांच्या बोटी निघतात, पण पाणी ऑक्टोबर उलटेपर्यंत गढूळ असतं. क्लब पहिली सहल दिवाळीनंतर काढतो आणि तारीख पंचांग बघून ठरवतो. यात श्रद्धेचा भाग नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, पाण्याला ओढ जास्त, तळ ढवळलेला. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी संथ, दोन मीटर जास्त दिसतं. मालवणात दोन मीटरचा फरक फार मोठा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खोली बहुतेक ठिकाणी दहा मीटरच्या आतच, आणि चांगल्या दिवशीही दृश्यता सात-आठ मीटरच्या पुढे सहसा जात नाही. डाइव्ह सकाळीच उरकतात, दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि बोट डोलायला लागते. हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. फोटोसाठी माशांना पाव टाकायची तिथली पद्धत क्लब आपल्या लोकांना पाळू देत नाही, हे आवडलं.

ओपन वॉटरच्या (पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्राच्या) कार्डासाठी समुद्रात चार डाइव्ह लागतात, दिवसाला जास्तीत जास्त तीन, म्हणजे किमान दोन दिवस. ‘एका दिवसात कार्ड’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. जानेवारी-फेब्रुवारीत कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाची सहल असते, मुरुडेश्वरहून बोटीने. पाणी मालवणपेक्षा स्वच्छ, खोलीही जास्त, म्हणून कार्डधारकांनाच नेतात. द्राक्षाची काढणी तेव्हाच जोरात असल्याने दिंडोरी-निफाडकडचे सभासद तिला हमखास मुकतात. त्यापेक्षा दुसरी एखादी तारीख मार्चअखेर ठेवली तर त्यांची सोय होईल. अंदमान दोन-तीन वर्षांतून एकदा ठरतं, त्यावर भिस्त ठेवून वर्गणी भरू नका.

परतीचा प्रवास हा नाशिककरांचा खास प्रश्न, आणि तो गांभीर्याने घेणारी मंडळी इथे भेटली. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. डाइव्हनंतर विमानात बसण्याचे जे नियम आहेत ते केबिनमधल्या साधारण ६०० ते २४०० मीटर उंचीच्या दाबासाठी आहेत, म्हणजे आपलं घरच त्या पट्ट्याच्या काठावर. दुपारी मालवणात शेवटची डाइव्ह करून संध्याकाळी आंबोली घाटाने निघालात तर दोन-अडीच तासांत जवळपास ७०० मीटरवर पोहोचता. रक्तात विरघळलेला नायट्रोजन तोवर पुरता बाहेर पडलेला नसतो. क्लबचा नियम: अनेक डाइव्ह झाल्या असतील तर १८ तास घाट चढायचा नाही. रविवारी सकाळी शेवटची डाइव्ह, मुक्काम मालवणातच, सोमवारी सकाळी प्रस्थान. परत येतानाही महामार्ग ६६ धरून पनवेलपर्यंत कोकणातूनच, मग कसारा. एक रजा जास्त जाते. ती जाऊ द्यावी.

ज्यांच्या जुन्या डाइव्ह कॉम्प्युटरवर उंची हाताने निवडावी लागते, त्यांनी तलावासाठी ठेवलेली ३०० ते १५०० मीटरची खूण समुद्रावर गेल्यावर शून्यावर आणावी. नाहीतर यंत्र विनाकारण कमी वेळ दाखवत राहतं. उलटी चूक मात्र धोक्याची.

सर्वांत मोठी त्रुटी ऑक्सिजन किटमध्ये आहे. बोटीवर ए टाइप सिलिंडर असतो, त्यात साधारण ७५० लिटर. डीकंप्रेशनचा (विरघळलेल्या नायट्रोजनचे शरीरात बुडबुडे होण्याचा) संशय आला तर मिनिटाला १५ लिटरने द्यायचा म्हटलं की ५० मिनिटांत संपला. नेत्राणी किनाऱ्यापासून जवळपास १९ किलोमीटर, बोटीला तासाच्या वर लागतो, पुढे रुग्णालय वेगळंच. बी टाइपमध्ये याच्या दुप्पट, म्हणजे १०० मिनिटं मिळतात. मालवणच्या किल्ल्याजवळ ए टाइप चालून जाईल, नेत्राणीला नाही. सहलीचं नाव नोंदवताना कोणता सिलिंडर येणार हे विचारा, आणि शक्य तर सगळ्यांनी मिळून विचारा.

वर्गणीत काय धरलेलं आहे तेही आधी लिहून घ्या. तलावाची वेळ, टँक आणि सामान आत. टँक भरण्याचे पैसे, प्रमाणपत्राची फी आणि सहल बाहेर. वैद्यकीय प्रश्नावलीत दमा, कानाची शस्त्रक्रिया, हृदयविकार यांपैकी कशालाही ‘हो’ आलं तर डॉक्टरांची सही लागते. ती आणेपर्यंत पाण्यात घेत नाहीत आणि भरलेले पैसे परतही करत नाहीत. म्हणून प्रश्नावली आधी, पैसे नंतर.

नाव घालायचं तर जूनमध्ये घाला. ऑक्टोबरमध्ये आलेल्याला डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात उघड्या तलावात शिकावं लागतं, तीन मिलिमीटरच्या सूटमध्येही अर्ध्या तासात दात वाजतात. आणि एप्रिल-मे हा शाळांच्या सुट्टीचा काळ. तलाव पोहायला शिकणाऱ्या पोरांनी भरलेला, क्लबला खोल बाजूची एकच लेन मिळते, तीही रात्री आठनंतर.