सूर तोच, लय जलद : निन्टेंडोचा एव्ही फॅमिकॉम

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी टीव्हीला जोडलेला ‘व्हिडिओ गेम’ बहुतेक वेळा निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉमची नक्कल असायचा. मूळ यंत्र जपानात १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येनला विक्रीला आलं. नक्कल करणाऱ्यांनी कॅसेटचा ६० पिनांचा सॉकेटही जसाच्या तसा उचलला. म्हणूनच माळ्यावर पडलेली पिवळी कॅसेट आज अस्सल फॅमिकॉममध्ये सरळ बसते. अमेरिकेतल्या एनईएसमध्ये, म्हणजे फॅमिकॉमच्या तिथल्या आवृत्तीत, ती बसत नाही, कारण तिथे ७२ पिना, शिवाय कॅसेट अधिकृत आहे का ते तपासणारी चिप. तेव्हा जुन्या कॅसेटसाठी यंत्र घ्यायचं तर फॅमिकॉमच, आणि त्यातही डिसेंबर १९९३ मध्ये आलेलं एचव्हीसी-१०१, म्हणजे एव्ही फॅमिकॉम.

१९८३ च्या लाल-पांढऱ्या मॉडेलच्या वाटेला जाऊ नका. ते चित्र फक्त अँटेनाच्या वायरीतून देतं, तेही जपानी चॅनल १ किंवा २ वर. ही चॅनलं ९० ते १०२ मेगाहर्ट्झमध्ये येतात, म्हणजे आपल्याकडच्या एफएम रेडिओच्या पट्ट्यात, आणि आपल्या टीव्हीचे ट्यूनर सहसा तिथे शोधतच नाहीत. रिमोटच्या वायरी आखूड आणि डब्यातूनच निघालेल्या. एव्ही मॉडेलमध्ये रिमोट सुटे होतात, एनईएसचे रिमोटही लागतात, आणि चित्र नेहमीच्या पिवळ्या पिनेतून मिळतं. सुपर फॅमिकॉम, निन्टेंडो ६४ किंवा गेमक्यूब या निन्टेंडोच्याच नंतरच्या यंत्रांची एव्ही केबल इथे चालते. आवाज मोनो आहे.

आता खरी गंमत. या यंत्रावरचे बहुतेक गेम दर फ्रेमला एक पाऊल पुढे सरकतात. जपानी यंत्र सेकंदाला ६० फ्रेम दाखवतं, आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीच्या नकला ५०. सूर ज्यावर ठरतो तो प्रोसेसरचा वेग मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखाच, १.७९ आणि १.७७ मेगाहर्ट्झ. म्हणून नकलेवर सूर तोच राहायचा, लय तेवढी विलंबित व्हायची. मारिओच्या पहिल्या लेव्हलला वर दिसणारे ४०० हे सेकंद नव्हेत. दर २४ फ्रेमना एक आकडा उतरतो. अस्सल यंत्रावर ते १६० सेकंदांत संपतात, पाल नकलेवर १९२ सेकंदांत. पाल नकलेवर हात बसलेल्याची पहिल्या दिवशी उडी चुकणारच. यंत्रात बिघाड समजू नका.

यंत्र जळतं ते बहुधा अ‍ॅडॅप्टरमुळे. सोबत येणारा जपानी अ‍ॅडॅप्टर १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० वर लावला की संपला. प्रवासातला प्लग फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. यंत्राला हवं १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिअँपिअर, मधली पिन ऋण. आत ७८०५ रेग्युलेटर ते ५ व्होल्टवर आणतो आणि उरलेलं उष्णतेत घालवतो, त्यामुळे ९ व्होल्ट, १ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर उलट बराच. फक्त राउटरचा उचलून लावू नका, त्याची मधली पिन सहसा धन असते. गिटार पेडलच्या अ‍ॅडॅप्टरची ऋण असते, पण त्यावरचे मिलिअँपिअर पाहून घ्या. मल्टिमीटरची लाल काडी मधल्या पिनेला, काळी बाहेरच्या कड्याला लावा; आकड्याआधी उणे चिन्ह दिसलं की ठीक. एनईएसचा अमेरिकी अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो. एनईएसमध्ये एसीचं डीसी करणारा भाग असतो, फॅमिकॉममध्ये नसतो, म्हणून तो इथे कधीच नको.

कॅसेट लागत नसेल तर फुंकर मारायचा मोह आवरा. फरक पडतो तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने. फुंकरेतल्या ओलाव्याने पट्ट्या काळवंडतात तेवढ्या. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कानकाडी बुडवून सोनेरी पट्ट्या दोन्ही बाजूंनी पुसा, काडी स्वच्छ निघेपर्यंत, आणि पाच मिनिटं वाळू द्या. तरीही काळं राहिलं तर पेन्सिलचं पांढरं खोडरबर हलक्या हाताने. खरखरीत कागद अजिबात नको. बऱ्याच स्वस्त कॅसेटमध्ये चिपच्या जागी काळा गोळा असतो. तोच गेला असेल तर दुरुस्ती नाही. ‘९९९९ इन १’मध्ये मोजकेच गेम वेगवेगळ्या नावांनी फिरतात हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहेच. नव्याने बनणाऱ्या स्वस्त मल्टिकॅसेट मात्र टाळा: काहींत ३.३ व्होल्टच्या चिप थेट ५ व्होल्टवर जोडलेल्या असतात आणि त्याचा ताण यंत्रावर येतो.

उणिवा आहेतच. जुन्या मॉडेलच्या दुसऱ्या रिमोटमधला माइक इथे काढून टाकलाय. चित्रावर कधी पुसट उभ्या रेघा दिसतात. २४० ओळींचं हे चित्र काही एलईडी टीव्ही इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींत येणारं, समजतात, मग लुकलुकणारं पात्र गायबच होतं किंवा त्याच्या चिरफळ्या दिसतात. रंग आलेच नाहीत तर सेटिंगमध्ये कलर सिस्टिम ऑटो किंवा एनटीएससी (जपानची टीव्ही पद्धत) करून पाहा. बदकं मारायची बंदूक फक्त जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चालते. तो भंगारात गेला असेल तर बंदुकीवर पैसे घालू नका.

निन्टेंडोने २००३ मध्ये उत्पादन थांबवलं, त्यामुळे मिळेल ते वापरलेलंच. विकणाऱ्याकडून चालू यंत्राचा व्हिडिओ मागा, त्यात कॅसेट किंचित हलवून दाखवायला सांगा. चित्र फुटलं तर आधी कॅसेट पुसून पुन्हा दाखवायला सांगा. तरी फुटत असेल तर सॉकेटच्या पिना सैल झाल्यात, भाव त्या मानाने उतरवा.