नळी काढायची कधी? अपुऱ्या दिवसांच्या बाळाची तयारी तपासण्याच्या पद्धती

निपाणी, चिक्कोडी, अथणी, खानापूर इथल्या छोट्या नवजात कक्षांत रोज हाच प्रश्न येतो: नाका-तोंडातून पोटात घातलेल्या नळीने दूध घेणाऱ्या बाळाला तोंडाने दूध आज सुरू करायचं, की आणखी दोन दिवस थांबायचं? घाई केली तर दूध श्वासनलिकेत जातं. उशीर केला तर मुक्काम लांबतो, बाळंतिणीचं दूध कमी होऊ लागतं. तपासण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत, पण प्रत्येक पद्धत वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. म्हणून नवी पद्धत आणण्याआधी आपल्या कक्षात नेमका कोणता प्रश्न अडतोय, ते ठरवावं.

आठवडे आणि वजन

आपल्याकडे रुळलेला हिशेब असा: २८ ते ३१ आठवड्यांच्या बाळाला नळी, ३२ ते ३४ ला बोंडलं (चोचीची छोटी वाटी) किंवा वाटी-चमचा, ३४ पूर्ण झाले की थेट अंगावर. त्याला आधार आहे. बाळ गर्भातच गिळायला लागतं, पण चोखणं, गिळणं आणि श्वास या तिन्हींचा मेळ बसायला ३४ वा आठवडा उजाडतो आणि तो पक्का व्हायला ३६-३७.

ही पद्धत फुकट आहे, पहिल्या दिवसापासून वापरता येते. सीमाभागात तिची अडचण आठवड्यांच्या मोजणीतच आहे. सासर गडहिंग्लजला आणि माहेर संकेश्वरला असेल, तर पहिली सोनोग्राफी तिकडे, कागद तिकडेच, इथे हातात नवं तायी कार्ड (कर्नाटकातलं गरोदर बाईच्या नोंदीचं कार्ड) आणि पाळीची तारीख म्हणाल तर ‘संक्रांतीच्या आसपास’. बीडकडून ऊसतोडीला आलेल्या बाईकडे पहिल्या तीन महिन्यांचा कागद बहुधा नसतोच. मग बाळाला बघून बॅलार्ड पद्धतीने वय काढतात. त्यात दोन आठवडे इकडेतिकडे धरावेच लागतात. म्हणजे केसपेपरवरचं ३४ आठवड्यांचं बाळ खरं ३२ चं असू शकतं.

वजन तर त्याहून फसवं. वाढ खुंटलेलं ३५ आठवड्यांचं १४०० ग्रॅमचं बाळ झकास चोखतं. मधुमेही आईचं ३२ आठवड्यांचं गुबगुबीत बाळ चार घोटांत दमतं. आठवड्यांवरून ‘आता बघायला सुरुवात करा’ एवढंच ठरवावं. ‘पाजा’ असं त्यांच्यावरून ठरवू नये.

बाळाच्या खुणा

२००७ साली अमेरिकेत मांडलेल्या एका मोजपट्टीत दर वेळी पाजण्याआधी बाळाला १ ते ५ मध्ये बसवतात. हात लावण्याआधीच जागं किंवा कुरकुरणारं, तोंड वळवून शोधणारं, अंगात ताण असलेलं, म्हणजे ढिलं न पडलेलं बाळ १. हाताळल्यावर जागं होऊन थोडं शोधणारं २. क्षणभर डोळे उघडून भुकेची एकही खूण न दाखवणारं ३. लंगोट बदलतानाही झोपलेलं ४. हाताळताच श्वास, ठोके किंवा ऑक्सिजन बिघडणारं ५. तोंडाने फक्त १ आणि २ ला, बाकीच्यांना त्या वेळी नळीनेच.

हे शिकायला एक दुपार पुरते आणि सकाळची सिस्टर व रात्रीची सिस्टर एकाच भाषेत बोलू लागतात. दोष एकच: बाळाची इच्छा कळते, कसब कळत नाही. मूठ चोखताना पाहून आजी म्हणते, ‘भुकेलंय, साखरपाणी तरी घाला.’ चोखणं २८-३० आठवड्यांपासून दिसतं, पण मुठीत दूध नसतं, त्यामुळे श्वास रोखून गिळण्याची वेळच येत नाही. साखरपाणी नको, मध तर मुळीच नको.

या पायरीआधी आणखी एक चाळणी, आणि ती कुठल्याही पद्धतीत चुकवू नये. श्वास मिनिटाला ६० च्या आत, छाती आत ओढली जात नाही, गेल्या २४ तासांत श्वास थांबलेला नाही, पोट मऊ, उलटी हिरवी नाही. यातलं एक जरी बिघडलेलं असेल, तर खुणा कितीही चांगल्या असोत, तोंडाने नको.

पोफ्रास आणि नोमास

पोफ्रास ही तोंडाने पाजण्याची तयारी तपासणारी ब्राझीलमधली गुणपद्धत. १८ मुद्दे, प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण ३६: सुधारित वय (गर्भातले आणि जन्मानंतरचे आठवडे मिळून), बाळाची जाग आणि ताण, ओठ-जिभेची ठेवण, प्रतिक्षेप, आणि हातमोज्यातल्या करंगळीवर मिनिटभर चोखणं. २८ ते ३० च्या पुढे गुण गेले की अंगावर सुरुवात करायला हरकत नाही, असा अर्थ धरतात. पहिल्यांदा अंगावर घेण्याआधी शंका असेल तर ही उपयोगी, कारण तपासणीत दूधच नसल्याने धोका नगण्य. पण त्याच कारणाने गिळणं तपासलंच जात नाही. ३२ गुणांचं बाळही पहिल्या घोटाला निळं पडू शकतं.

नोमास ही चोखण्याची ढब तपासणारी पद्धत, वेगळ्या कामाची. जबड्याच्या आणि जिभेच्या मिळून २८ हालचाली बघून चोखणं नीट, विस्कळीत की सदोष ते ठरवतात. त्यासाठी खास प्रशिक्षण लागतं. छोट्या कक्षाने तिच्या नादी लागू नये. बेळगाव, कोल्हापूर किंवा मिरजेच्या मोठ्या रुग्णालयात स्पीच थेरपिस्ट असेल तिथे ती शोभते.

घड्याळ आणि सिरिंज

लाव आणि स्मिथ या संशोधकांनी २०११ साली मांडलेल्या या पद्धतीला घड्याळ आणि सिरिंज सोडून काही लागत नाही, आणि आमच्या मते ती सर्वांत कमी वापरली जाते. दोन आकडे काढायचे: पहिल्या ५ मिनिटांत ठरलेल्या दुधातलं किती टक्के गेलं, आणि संपूर्ण वेळात मिनिटाला किती मिली गेलं. सीमारेषा ३० टक्के आणि १.५ मिली.

१५०० ग्रॅमचं बाळ धरा. दिवसाला किलोमागे १६० मिली म्हणजे २४० मिली. दर दोन तासांनी, म्हणजे १२ वेळा, २० मिली. पहिल्या ५ मिनिटांत ६ मिली गेलं तर ३० टक्के झाले. २० मिली साधारण १३ मिनिटांत संपलं तर वेगही बसला. वीस मिनिटांच्या पुढे ओढू नये, उरलेलं नळीने द्यावं.

दोन्ही आकडे कमी असतील तर कसबही नाही, दमही नाही: दिवसातून एक-दोन वेळाच प्रयत्न, बाकी नळी, सोबत कांगारू (बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरणं). सुरुवात संथ पण वेग बरा, तर कसब कमी आहे; घोट लहान करा, मध्ये श्वासाला जागा द्या. सुरुवात दमदार आणि मग बाळ ढेपाळतं, तर दम कमी आहे. दहा मिनिटांत थांबवून बाकीचं नळीने द्या, त्याच्यावर कसबाचे व्यायाम लादू नका. दोन्ही बरे असतील तर तोंडाने पाजण्याच्या वेळा वाढवत नळी काढायची तयारी करा. दम आणि कसब असे वेगळे करून दाखवणं दुसऱ्या कुठल्या पद्धतीला इतकं सोपं जमत नाही.

अडचण अशी की हे आकडे बाटलीवर काढलेले आहेत, आणि आपण बाटली देत नाही, देऊही नये. बोंडल्यात दूध आपण ओततो, त्यामुळे वेग बाळाचा की सिस्टरच्या हाताचा, ते सांगता येत नाही. म्हणून बोंडल्यावर १.५ ची रेघ पाळण्यापेक्षा त्याच बाळाचा कालचा आणि आजचा आकडा ताडून बघावा. हनुवटीखालच्या कापडाचं आधी-नंतर वजन करून सांडलेलं वजा करावं. नाहीतर ४ मिली कापडावर आणि केसपेपरवर ‘२० मिली घेतलं’. बाळ अर्धवट उभं धरावं, बोंडल्याची चोच ओठांच्या कोपऱ्याशी टेकवावी, थोडं ओतून गिळेपर्यंत थांबावं. भारतातल्या १९९९ च्या एका अभ्यासात बोंडल्याने बाळांनी कमी वेळात जास्त दूध घेतलं. २००७ च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात सांडलं जास्त आणि वेळही जास्त लागला. हातातला सराव हा फरक पाडत असावा.

अंगावर

बोंडल्यावर तरलेलं बाळ अंगावर तरेलच असं नाही, कारण बोंडल्यात चोखावं लागत नाही. उलटंही खरं: स्वीडनमधल्या निरीक्षणांत २८ आठवड्यांची बाळं स्तनाकडे वळून तोंड लावताना दिसली, आणि सलग दहा किंवा त्याहून जास्त चोखण्या ३२ व्या आठवड्याला. म्हणून अंगावर लावायला ३४ ची वाट बघत बसू नये. आधी दूध काढून घेतलेल्या स्तनाला लावलं तर प्रवाह कमी राहतो. वळतं का, पकड घेतं का, किती वेळ टिकतं, सलग किती चोखतं, गिळल्याचा आवाज येतो का, हे आईलाच टिपायला सांगा. किती दूध गेलं हे हवं असेल तर कपडे, लंगोट न बदलता आधी-नंतर वजन घ्या. वजनकाटा १० ग्रॅमचा असेल तर त्या भानगडीत पडू नका.

आमची निवड

कोणतं साधन सरस, याचं पक्कं उत्तर नाही. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्याला (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा आढावा) तयारी तपासण्याच्या साधनांवर निकषांत बसणारी एकही यादृच्छिक चाचणी (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली तुलना) सापडली नव्हती. तेव्हा निवड कामाच्या सोयीनेच करायची. चार-सहा पाळण्यांच्या कक्षात ३२ आठवडे भरल्याच्या अंदाजाने चाळणी, दर वेळी १ ते ५ चा आकडा, आणि दिवसातून एकदा घड्याळ-सिरिंज एवढं पुरतं. पोफ्रास पहिल्यांदा अंगावर घेण्याआधी शंका असेल तरच.

पद्धत कोणतीही असो, थांबायच्या खुणा त्याच: ठोके १०० च्या खाली, ओठांभोवती निळसर रंग, बोटं फाकणं, भुवया वर चढणं, श्वासात ओला घरघर आवाज. ठसक्याची वाट बघू नका. इतक्या लहान बाळाला ठसका न लागताही दूध चुकीच्या वाटेने जातं. ३६-३७ आठवडे भरूनही दोन्ही आकडे कमीच राहिले, दर वेळी निळं पडलं किंवा नाकातून दूध आलं, तर तोंडातली टाळू बघा आणि आठवड्याभराच्या नोंदी सोबत देऊन बेळगाव किंवा कोल्हापूर, जे जवळ पडेल तिकडे पाठवा. पाठवण्याआधी पोटभर पाजू नका.