आशाच्या किटमधला झोळीकाटा, थर्मामीटर आणि ऊबदार पिशवी

मी गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात आशा, म्हणजे गावातली आरोग्यसेविका आहे. नवजात बाळाच्या घरभेटीला जी किट घेऊन जाते, त्यातल्या तीन वस्तूंबद्दल लिहिते.

पहिला मान झोळीकाट्याचा, म्हणजे बाळाला झोळीत टांगून वजन करायच्या काट्याचा. मागच्या श्रावणात नाल्याला पूर होता आणि पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, एक बाई घरीच बाळंत झाली. पाणी उतरल्यावर दुपारी पोचले. काटा काढला तशी आजी ओरडली, "लेकराला मोहफुलांसारखं टांगतेस काय?" तिचं काय चुकलं? तिच्या घरातलं जे काट्याला लागलं, ते व्यापाऱ्याकडेच गेलं. मी काटा तिच्याच हातात दिला. रिकामी झोळी अडकवून शून्य केला, मग बाळ ठेवलं. १ किलो ९०० ग्रॅम. बाळ निदान अडीच किलोचं हवं, त्याच्या बरंच खाली.

थर्मामीटर काखेत लावला: ९५.८ फॅरेनहाइट, म्हणजे कमीच. तळपाय गार. चुलीवर अंघोळीचं पाणी तापत होतं, ते राहू दे म्हटलं. बाळाला आईच्या उघड्या छातीशी दिलं, वरून लुगडं. दूध पाजून झाल्यावर टोपी असलेल्या ऊबदार पिशवीत ठेवलं. तास-दीड तासाने तळपाय कोमट लागले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

घरी जन्मलेल्या बाळाला ४२ दिवसांत ७ भेटी असतात, मी जास्त केल्या. सातव्या दिवशी १ किलो ८५०, चौदाव्या दिवशी २ किलो, अठ्ठाविसाव्या दिवशी २ किलो ४००. त्या दिवशी आजीनेच झोळी धरली.

ही रीत आमच्याच जिल्ह्यात घडली, याचा मला फार अभिमान आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना हे काम शिकवलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होतं. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशा हेच करतात.

आता तक्रारी. थर्मामीटरचा सेल ऐन पावसाळ्यात संपतो, नवा वेळेवर येत नाही, मी पदरच्या पैशाने आणते. पिशवी चांगली, पण धुतली की पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. बाळामागे दोन पिशव्या हव्यातच. काट्याला मात्र नाव ठेवायला जागा नाही.