ठेव म्हणून दिलेले तीन लाख देणगी कसे झाले

मी सहकारी बँकेत, कर्ज विभागात आहे. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे कागद तपासतेय. जामीनदाराच्या सहीत एक वेलांटी इकडची तिकडे झाली तरी फाईल परत पाठवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून "शिकलेली माणसं अशी कशी फसतात" असं तुम्ही म्हणणारच. तुमच्याआधी ते माझा नवरा, माझा भाऊ आणि एक हवालदार म्हणून बसलेत.

स्मृतिभ्रंश झालेल्या बाबांना, अशी माणसं सांभाळणाऱ्या एका संस्थेत ठेवलं, त्यात गेले 6,39,650 रुपये. ठेव 3,00,000. नावनोंदणी 15,000. महिन्याचे 32,000 प्रमाणे सात महिने, 2,24,000. 'स्पेशल अटेंडंट' महिना 9,000, पाच महिने, 45,000. फिजिओथेरपी 6,000, चार महिने, 24,000. डायपर आणि औषधं, कच्च्या पावत्यांवर, 31,650. परत आला शून्य रुपया. नंतरच्या हॉस्पिटलचे 87,400 यात धरलेले नाहीत.

संस्थेचं नाव लिहीत नाही. त्यांच्या वकिलाची अब्रुनुकसानीची नोटीस घरात पडून आहे.

बाबा एसटीत कंडक्टर होते. 31 वर्षं, त्यातली बरीचशी नाशिक–पुणे रस्त्यावर. स्मृतिभ्रंश झाल्यावर आमची नावं गेली, जेवलो की नाही हे गेलं, पण सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण ही माळ शाबूत होती. रात्री दोनला उठून खोल्याखोल्यांत फिरायचे, झोपलेल्या मुलीला हलवून "पुढे सरका, पुढे सरका" म्हणायचे. जानेवारी 2024 मध्ये दाराची कडी काढून बाहेर पडले आणि साडेपाच तासांनी स्टँडवर सापडले, अनोळखी माणसांकडे सुट्टे मागत. मुलीची बारावीची परीक्षा 21 फेब्रुवारीला सुरू होणार होती. दोन बायका कामाला ठेवल्या, दोघीही आठ-आठ दिवसांत पळाल्या. भाऊ शारजाला असतो. तो पैसे पाठवतो आणि मत देतो. त्याचं मत पडलं, "चांगल्या ठिकाणी ठेवू, पैशाकडे बघू नकोस."

मीही नाही बघितलं.

एकच बेड शिल्लक आहे, दुसरं कुटुंब दुपारी चेक घेऊन येतंय, वगैरे झालं. ते सगळीकडे होतं, तुम्हालाही माहीत आहे. मी त्याला भुलले नाही. मी भुलले ते शांततेला.

आम्ही गेलो ती वेळ त्यांनीच दिलेली, सकाळी अकराची. मोठा हॉल, स्वच्छ फरशी, भिंतीवर विठ्ठलाची तसबीर, धूप लावलेला. भिंतीला लागून खुर्च्यांवर बावीस म्हातारी माणसं. मी मोजली, बँकेची सवय. आंघोळी झालेल्या, भांग पाडलेले, आणि हॉलमध्ये आवाज कसला तर फक्त पंख्याचा. व्यवस्थापक ताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडे सगळे कसे शांत असतात बघा." आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चार महिने सलग झोप नव्हती मला. मनात आलं, बाबाही असे शांत बसतील.

अहो, बावीस स्मृतिभ्रंशाची माणसं! एक जण उठत नाही? एक जण "घरी जायचंय" म्हणत नाही? साडीचा पदर चाळवत नाही, कुणाला हाका मारत नाही? माझ्या घरातला एक माणूस मला चोवीस तास पुरून उरत होता आणि इथे बावीस जण सकाळी अकराला माना टाकून बसले होते. एका आजींच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. ताईंनी पुढे होऊन ती पुसली, आणि मला वाटलं, किती माया आहे! ती लाळच सगळं सांगत होती. मला ऐकायचं नव्हतं, एवढंच खरं. हॉलमध्ये उभं राहून कुणाही एकाला मी "काय आजोबा, जेवलात का" विचारलं असतं तरी कळलं असतं.

म्हणून सांगते, त्यांनी दिलेल्या वेळेला जाऊच नका. संध्याकाळी सहा-सातला जा. या आजाराची माणसं दिवस मावळताना बेचैन होतात, तेव्हा तिथले लोक काय करतात ते बघा. आरडाओरडा ऐकू आला तर घाबरू नका, तो असायलाच हवा.

आता कागद. शंभराच्या स्टॅम्पवर अकरा पानी करार, इंग्रजीत. मी वाचला. खरंच वाचला. सातव्या कलमात 'ठेव' हा शब्द नव्हता, 'स्वेच्छेने दिलेली कॉर्पस देणगी', म्हणजे ट्रस्टच्या कायम निधीला दिलेली देणगी, असं होतं. मी विचारलंसुद्धा. ताई हसल्या, "मॅडम, ट्रस्ट आहे ना आमचा, ऑडिटसाठी तसं लिहावं लागतं. तुम्ही बाबांना नेलंत की पंधरा दिवसांत परत. आणि तुमचाच फायदा आहे, आयकर सवलतीची 80जी ची पावती मिळेल." एखादा कर्जदार असं बोलला असता तर मी त्याला दारापर्यंत सोडून आले असते. इथे मी मान डोलावली आणि एनईएफटी केली. ठेवही परत मिळणार आणि त्याच रकमेवर करसवलतही, हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही असं नाही. पडला आणि मी तो बाजूला ठेवला.

जुलैत रिटर्न भरताना ती तीन लाखांची देणगी दाखवली. मर्यादा-बिर्यादा जाऊन वजावट मिळाली 48,000 ची, कर वाचला 9,984 रुपये. हा आकडा लक्षात ठेवा.

बाबांना 12 फेब्रुवारीला सोडलं. पहिल्या महिन्यात भेट नाही, "रुळू द्या, तुम्हाला बघून बिथरतील." नंतर रविवारी 11 ते 1, आदल्या दिवशी फोन करून. दर वेळी बाबा तयार बसलेले. बोलणं कमी होत गेलं. आजार वाढतोय, असं सांगितलं आणि आजार वाढतोच, हे मलाही माहीत होतं. या धंद्याची खुबी तीच आहे. बिघडलं की आजारावर ढकलायचं, ऐकणाऱ्यालाही ते पटतं.

17 जुलैला आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी आले, बँकेला सुट्टी. साबुदाण्याची खिचडी घेऊन न सांगता गेले. गेटवर 40 मिनिटं बसवून ठेवलं. आत नेलं तेव्हा बाबांच्या अंगात दुसऱ्याच कुणाचा शर्ट, नखं वाढलेली, दुपारी साडेबाराला गाढ झोप. ज्याचे मी महिना 9,000 भरत होते तो 'स्पेशल अटेंडंट' पोरगा, असेल एकोणीस-वीस वर्षांचा, म्हणाला, "ताई, मी एकटाच आहे या मजल्यावर. अकरा जण आहेत." त्याच्यावर राग नाही माझा. खरं बोलला तो एकटाच.

मग तेव्हाच का नाही आणलं? सगळे विचारतात. आणून ठेवायचं कुठे होतं? मुलीची ॲडमिशन, बँकेचं ऑडिट, नवऱ्याचा स्लिप डिस्क. ताईंनी दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागितली, म्हणाल्या माणूस बदलतोय. मी विश्वास ठेवला, कारण ठेवणं सोयीचं होतं. तो एक महिना माझ्या नावावर आहे, संस्थेच्या नाही.

18 ऑगस्टला, रविवारी, "राखीला आत्याकडे नेतो" म्हणून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी आत्याने त्यांना कूस बदलवली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. माकडहाडावर माझी मूठ मावेल एवढी जखम, काळी कड, वास. फेब्रुवारीत 61 किलोचा माणूस, भरला 48. पिशवीत एका प्लास्टिकच्या पुडीत क्वेटियापिनच्या गोळ्या. आमच्या न्यूरोलॉजिस्टच्या चिठ्ठीत फक्त डोनेपेझिल, म्हणजे स्मृतिभ्रंशावरचं औषध होतं. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी सांगितलं, ही जात मनोविकारावरच्या औषधांची. स्मृतिभ्रंशाच्या म्हाताऱ्या माणसांत त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो आणि अमेरिकेत 2005 पासून वेष्टनासोबत तसा ठळक इशारा देतात. कधीच द्यायची नाहीत असं नाही, पण डॉक्टरने, थोडी, घरच्यांना सांगून. आमच्याकडे सांगणं सोडा, डायपर-औषधांच्या बिलात त्याच गोळ्यांचे पैसे माझ्याकडूनच घेतलेले. बापाला गुंगीत ठेवायचे पैसे मी भरत होते.

औषधांचा तक्ता मागा. रोजचा, वेळ आणि सही असलेला. "आमचे डॉक्टर बघतात" म्हणाले तर त्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मागा.

आता सरकारी दारं.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेब होते, पण नवे फौजदारी कायदे 1 जुलैला आलेले, पैसे गेले फेब्रुवारीत. मग फसवणुकीचं जुनं कलम 420 लावायचं की नवं 318, यावर दोन अंमलदारांची माझ्यासमोर पाऊण तास चर्चा. मी घरी जाऊन वाचून आले की कृत्य जुन्या काळातलं तर कलम जुनंच, ते सांगितल्यावर "मॅडम, तुम्हीच वकील आहात का?" जखमेचे फोटो दाखवले तर "म्हाताऱ्या माणसाला होतंच हो." शेवटी साहेबांनी पावती हातात घेतली, चष्मा वर केला आणि विचारलं, "देणगी दिलीत ना? सवलत घेतलीत?" मी हो म्हटलं. "मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे. ट्रस्ट आहे, धर्मादायला जा."

9,984 रुपये.

धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात म्हणाले, ट्रस्टच्या कारभाराची तक्रार असेल तर घेऊ, तुमचा हा फीचा वाद. समाजकल्याणला म्हणाले, ही संस्था अनुदानित नाही, आमच्या यादीत नाही. यादीत नाही तर चालते कशी, या प्रश्नावर त्या बाईंनी मला पाणी दिलं. ग्रामपंचायतीकडे 'विश्रामगृह' म्हणून नोंद निघाली. प्रांत ऑफिसला ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याखाली अर्ज घेऊन गेले, तर तिथला कारकून गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "ताई, हे न्यायाधिकरण आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या मुलांविरुद्ध आहे. वडिलांच्या नावाने अर्ज केलात तर सामनेवाले तुम्हीच." एक ऑफिस जेवणाच्या सुट्टीत, एक निवडणुकीच्या कामात, एकाची लिंक डाऊन. रजेचे 14 दिवस गेले. पाच ठिकाणी अर्ज, पाच पोच, आणि बापाच्या पाठीवरची जखम बघायला त्यातला एकही माणूस घरी आला नाही.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मला नंतर कळला. मानसिक आजाराच्या त्याच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि भान बिघडणंही आहे, आणि अशा माणसांना उपचारासाठी ठेवणाऱ्या संस्थेला राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. ते नोंदणीपत्र आधी मागा. "ट्रस्टचं सर्टिफिकेट आहे ना" म्हणाले तर उठा. ट्रस्टचं सर्टिफिकेट म्हणजे माणसं सांभाळायचा परवाना नव्हे. मी उठले नव्हते.

पैसे देताना पावतीवर काय लिहिणार ते पैसे सुटायच्या आधी बघा. 'देणगी' असेल तर तो पैसा गेला असं समजूनच द्या, आणि परवडत नसेल तर देऊ नका. कसलीही सवलत घेऊ नका. रात्री दहा ते सहा किती माणसं ड्यूटीवर, हे मालकाला नाही, गेटवरच्या माणसाला विचारा. भेटायला गेलात की पांघरूण काढा, पाठ बघा, टाचा बघा. लाज वाटते बापाची पाठ उघडी करून बघायला. मला वाटली.

डिसेंबरात सुधारित रिटर्न भरून ती वजावट मागे घेतली, कर व्याजासकट भरला. माझ्या सीएने एकही प्रश्न विचारला नाही, त्याचीच जास्त लाज वाटली. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी फक्त 200 रुपये, वकीलही सक्तीचा नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल व्हावा. आतापर्यंत चार तारखा झाल्या. दोनदा समोरचा वकील आजारी, एकदा कोरम नाही, एकदा त्यांना कैफियत द्यायला मुदत.

गोळ्या हळूहळू बंद झाल्यावर सहाव्या आठवड्यात बाबा रात्री उठून बसले आणि "आळेफाटा कोण आहे, आळेफाटा?" म्हणाले. आता पुन्हा रात्रभर जागरण. दिवसाला एक, रात्रीला एक माणूस ठेवलाय, महिना 38,000 जातात. संस्थेच्या मूळ 32,000 पेक्षा सहा हजार जास्त. हा हिशेब मी जानेवारीत केला असता तर.

दिवाळीला ट्रस्टची छापील शुभेच्छा आली, माझ्या नावाने, "आदरणीय देणगीदार" अशी सुरुवात करून. संतापाने वकिलांकडे घेऊन गेले, म्हटलं, हे पुराव्यात जोडा, यांचा निर्लज्जपणा दिसू दे. त्यांनी वाचली, घडी घातली आणि मला परत दिली. म्हणाले, "मॅडम, हे कुणाला दाखवू नका. यात देणगीदार लिहिलंय."